चॅप्लिनचा 'द सर्कस' (१९२८): घरात सगळ्यांनी मिळून पाहिला, त्याबद्दल

अंगणवेल (धागाकर्ती)

मागच्या रविवारी जेवणं उरकल्यावर आम्ही घरातले पाचही जण एकत्र बसून एक अख्खा सिनेमा पाहिला. आमच्याकडे हे गेल्या दोन-तीन वर्षांत झालंच नव्हतं, म्हणून लिहावंसं वाटलं.

सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. कानाला यंत्र आहे, पण टीव्हीचे संवाद त्यांना नीट लागत नाहीत, नुसता गलका ऐकू येतो. सुरुवातीला त्या "काय म्हणाला गं तो?" असं विचारायच्या. आम्ही सांगेपर्यंत पुढचं वाक्य निघून जायचं. मग विचारायचाही त्यांना संकोच वाटायला लागला, आणि हळूहळू त्यांनी टीव्हीसमोर येणंच सोडलं. आम्ही सगळे बाहेर हसतोय आणि त्या आतल्या खोलीत माळ घेऊन बसल्यात, हे मला फार लागायचं.

मूकपट लावायची कल्पना थोरलीची. तिला शाळेत कुणीतरी चॅप्लिनबद्दल सांगितलं होतं. सत्तर मिनिटांचा सिनेमा, एका गावातून दुसऱ्या गावात जाणाऱ्या सर्कशीची गोष्ट. मधूनमधून इंग्रजी पाट्या येतात, त्या थोरली मराठी करून मोठ्यानं वाचत होती. आईंना त्यातली एखाददुसरीच कानाशी जाऊन सांगावी लागली.

सुरुवातीला एक प्रसंग आहे. जत्रेसारखी गर्दी. चॅप्लिन उपाशी. पुढे एक माणूस बाळाला खांद्यावर घेऊन उभा आहे आणि बाळाच्या हातात हॉटडॉग. बापाची पाठ याच्याकडे, बाळाचं तोंड याच्याकडे. हा बाळाशी लाडंलाडं बोलतो, गाल कुरवाळतो आणि हळूच एक घास घेतो. बाप वळला की पुन्हा लाड. बाप पलीकडे बघायला लागला की पुन्हा घास. आणि वर त्या पावाला मोहरीची चटणीही लावून घेतो! आई एकदम ओरडल्या, "अगं, बाळाचं खातोय मेला!" आणि मग पदर डोळ्यांना लावून इतक्या हसल्या की यंत्र कानातून निघून मांडीवर पडलं. ते त्यांनी सिनेमा संपेपर्यंत परत घातलंच नाही.

मला या सिनेमात सगळ्यात जे आवडलं ते असं. पोलिसांपासून पळताना हा चुकून रिंगणात शिरतो, आणि कंटाळलेले प्रेक्षक खो खो हसतात. मालकाला वाटतं, माणूस कामाचा आहे. दुसऱ्या दिवशी त्याची परीक्षा घेतात, "हं, आता हसवून दाखव!" आणि याला काही म्हणजे काही जमत नाही. हसवायला सांगितलं की हसू येत नाही. पुढे सामानाची ने-आण करणारे हमाल पगार थकला म्हणून काम सोडून जातात, तेव्हा ऐनवेळी याला ताटांची चळत घेऊन रिंगणात पाठवतात. मागे एक गाढव लागतं, ताटं फुटतात, जादूगाराच्या टेबलातली पाखरं-ससे-बदकं वेळेआधीच बाहेर येतात, आणि तंबू डोक्यावर घेतात लोक. हा बिचारा मनापासून काम करतोय! मालक धूर्त. त्याला ठेवून घेतो हमाल म्हणून, पगार हमालाचा, आणि गल्ला भरतो याच्या जिवावर. खेळाचा खरा राजा आपण आहोत हे त्याला एकट्यालाच माहीत नाही.

थोरली चिडली. "त्याला कुणी सांगत का नाही?" सांगते ती मालकाची सावत्र मुलगी. घोड्यावर कसरत करणारी. खेळ नीट झाला नाही की बाप तिला जेवू देत नाही. चॅप्लिन सकाळी एक अंडं उकडतोय, हातात पावाचा तुकडा आहे, तेवढ्यात ती येऊन तो पाव खाऊन टाकते. हा आधी रागावतो, मग तिची भूक कळते आणि अंडंही देतो. तिथे मात्र आमच्याकडे कुणी हसलं नाही.

शेवट सांगत नाही, ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी. पण धाकट्याचा (वय ७) एक प्रश्न राहिला आहे. अगदी शेवटी चॅप्लिन जमिनीवरून एक कागद उचलतो, चुरगाळतो आणि पायानं मागे उडवतो. "तो कसला कागद होता?" मला सांगता आलं नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा. आणि तुमच्याकडे लहान-मोठ्यांनी एकत्र पाहिलेले असे सर्कशीचे सिनेमे असतील तर तेही लिहा.

---

पिंपळपार

फार सुंदर लिहिलंय. यंत्र मांडीवर पडल्याचं वाचून मी पुन्हा वर जाऊन तो परिच्छेद वाचला.

हा सिनेमा बनत असताना चॅप्लिनवर काय काय कोसळलं होतं ते सांगतो, कारण पडद्यावर त्याचा मागमूस नाही. १९२६ च्या सुरुवातीला काम सुरू झालं. शूटिंगच्या आधीच वादळात तंबूची नासधूस झाली. तारेवरचा प्रसंग सगळ्यात आधी चित्रित केला, महिनाभर खपून. मग लक्षात आलं की प्रयोगशाळेत फिल्मवर ओरखडे पडलेत. ते सगळं पुन्हा केलं. सप्टेंबरमध्ये स्टुडिओला आग लागली. डिसेंबरमध्ये घटस्फोटाचा खटला उभा राहिला आणि आठ महिने काम ठप्प. शेवटच्या प्रसंगासाठी आणलेल्या सर्कशीच्या गाड्या काही विद्यार्थ्यांनी होळी पेटवायला म्हणून पळवून नेल्या, तेही झालं! सिनेमा लागला जानेवारी १९२८ मध्ये.

तारेवर त्याने सातशेच्या वर टेक दिले. सिंहाच्या पिंजऱ्यातले दोनशेच्या आसपास, आणि त्यातल्या पुष्कळ टेकमध्ये तो खरोखर सिंहासोबत आत होता. तो चेहरा बघा पुन्हा. पाण्याचं भांडं पडू नये म्हणून हात पुढे करतो तेव्हा जे दिसतं, त्यात अभिनय किती आणि खरी भीती किती, हे वेगळं काढता येत नाही.

१९२९ साली ऑस्करचा पहिला सोहळा झाला. चॅप्लिनला स्पर्धेतून बाजूला काढून 'द सर्कस'चं लेखन, अभिनय, दिग्दर्शन आणि निर्मिती या सगळ्यासाठी मिळून विशेष पुरस्कार दिला गेला. तरी त्याच्या जाडजूड आत्मचरित्रात या सिनेमाबद्दल जवळजवळ काहीच नाही. त्या दोन वर्षांकडे वळून बघायची त्याची इच्छा नसावी, असं मला वाटतं.

कागदाचं उत्तर माझ्याकडे आहे, पण लगेच सांगत नाही. धाकट्याला सिनेमाची पहिली दोन मिनिटं परत दाखवा. त्याला स्वतःला सापडू दे.

---

सांजपर्व

लेख आवडला, पण एक गोष्ट नोंदवते. आम्ही हा सिनेमा मुलीला (वय ५) दाखवला तेव्हा ती रिंगमास्टर मुलीला मारतो तिथे घाबरली. पहिल्या काही मिनिटांतच ते येतं. तो तिला ढकलतो, ती कागदाची चौकट फाडून पडते. मुलगी माझ्या कुशीत शिरली आणि "बंद कर" म्हणाली. तेव्हा घरगुती विनोदी सिनेमा म्हणून पाच-सहा वर्षांच्या मुलांना दाखवणार असाल तर जवळ बसा आणि आधी सांगून ठेवा.

---

अंगणवेल

सांजपर्व, बरं झालं लिहिलंत. धाकटाही तिथे गप्प झाला होता. मी त्याचा हात धरून ठेवला. पुढे चॅप्लिन मालकाला "तिला हात लावलास तर मी काम सोडीन" असं बजावतो, तेव्हा तो सोफ्यावर उभा राहिला! पण पाच वर्षांच्या मुलीला तिथपर्यंत थांबायला सांगणं अवघड आहे, तुमचं बरोबर.

पिंपळपार, तुम्ही भलतीच उत्सुकता लावून ठेवलीत. येत्या रविवारी बघतो.

---

कृष्णाकाठचा

सर्कशीचा विषय निघाला आणि आमच्या भागाचं नाव निघणार नाही असं कसं होईल!

भारतातली पहिली सर्कस उभी केली ती विष्णुपंत छत्रे यांनी. मूळचे सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचे. ग्वाल्हेरला जाऊन अश्वविद्या शिकले, आणि तिथेच हद्दू खाँसाहेबांकडे गाणंही शिकले. पुढे कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या पदरी घोड्यांचं काम बघायला लागले. कियारिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईला आली होती, ती संस्थानिकांसोबत पाहायला गेले. अशी सर्कस उभी करायला हिंदुस्थानातल्या लोकांना अजून अवकाश आहे, असं काहीतरी कियारिनी बोलला आणि छत्र्यांनी ते मनाला लावून घेतलं, ही आमच्याकडे घरोघर सांगितली जाणारी आख्यायिका. २० मार्च १८८० हा 'ग्रेट इंडियन सर्कस'च्या पहिल्या खेळाचा दिवस मानतात. घोड्यावरच्या कसरती ते स्वतः करत. त्यांची पत्नी झुल्यावर काम करायची. १८८० सालातली मराठी बाई, तंबूच्या छताशी, झुल्यावर! मला या एका गोष्टीचा इतका अभिमान वाटतो की कुठेही सर्कस म्हटलं की मी हे सांगतोच.

त्यांचा खेळ फिरत फिरत केरळात तलशेरीला गेला. तिथले कीलेरी कुन्हीकण्णन हे तालीम शिकवणारे गुरुजी. छत्र्यांशी त्यांची भेट झाली आणि पुढे त्यांनी सर्कशीची मुलं तयार करायला सुरुवात केली. आज सर्कस म्हटलं की मल्याळी माणूस आठवतो, त्याचं मूळ हे. आणि आमच्या बाजूला पाठोपाठ म्हैसाळच्या देवलांची सर्कस, कार्लेकरांची ग्रँड सर्कस, तासगावची परशुराम लायन सर्कस अशी रांगच लागली.

आता छत्र्यांची जी गोष्ट मला सगळ्यात जवळची, ती. हद्दू खाँसाहेबांचे चिरंजीव रहिमत खाँ. विलक्षण गळा, पण अफूच्या नादात आयुष्य विस्कटलेलं. बनारसला अगदी हलाखीत भटकत असताना छत्र्यांनी त्यांना ओळखलं आणि सोबत आणलं. गुरूचा मुलगा! मग सर्कशीच्या मुक्कामांसोबत रहिमत खाँचं गाणंही गावोगाव फिरलं. छत्रे गेल्यावर त्यांच्या भावानं खाँसाहेबांना शेवटपर्यंत कुरुंदवाडला सांभाळलं. १९२२ साली तिथेच ते गेले. त्यांच्या मोजक्या ध्वनिमुद्रिका आहेत. 'जमुना के तीर' ऐका, आणि ऐकताना घोड्यांच्या पागेशेजारची एक राहुटी डोळ्यांपुढे आणा.

धागाकर्तीने लिहिलेला अंड्याचा आणि पावाचा प्रसंग वाचताना मला हेच आठवलं. तंबूत कुणीतरी कुणाला तरी जेवू घालत असतं.

---

दूरदेशी

वाचतेय. आमच्याकडे टोरांटोत उलटा प्रकार आहे. आजीला इंग्रजी कळत नाही आणि मुलाला मराठी तोडकंमोडकं येतं, त्यामुळे दोघांना एकत्र काही लावता येत नाही. आज हाच लावते.

एक विचारायचं होतं, सुरुवातीला जे गाणं आहे ते मूळ मूकपटात कसं?

---

पिंपळपार

दूरदेशी, ते नंतरचं. सिनेमा पुन्हा प्रदर्शित करायचा ठरला तेव्हा चॅप्लिनने नवं संगीत केलं आणि ते गाणं १९६९ मध्ये स्वतः गायलं. वय ऐंशीच्या घरात. आवाज थकलेला आहे आणि त्यामुळेच ते आत जातं. झुल्यावर बसलेल्या मुलीला म्हातारा चॅप्लिन सांगतो आहे, खाली बघू नकोस, वर बघ. तरुण चॅप्लिन यायच्या आधी आपल्याला म्हातारा चॅप्लिन ऐकू येतो.

कृष्णाकाठचा, पुण्याचे दामू धोत्रे राहिले की! जन्म १९०२. मामांच्या सर्कशीत लहानपणीच काम सुरू केलं आणि १९४० पासून अमेरिकेत रिंगलिंग ब्रदर्सकडे वाघ-बिबट्यांचे खेळ केले. त्या काळात जगातल्या मोठ्या सर्कशीच्या रिंगणात पुण्याचा माणूस मधोमध उभा होता.

---

तिखटमीठ

दामू धोत्र्यांबद्दल आदर आहेच. पण हा सिनेमा पाहताना मला सिंहाच्या पिंजऱ्याशी हसू येत नाही, हे सांगावंसं वाटतं. तो पिंजरा बघा केवढा आहे. सिंहाला वळायला जेमतेम जागा. तारेवरच्या माकडांचंही तसंच. ती चॅप्लिनच्या डोक्यावर चढतात, नाक चावतात, एकाची शेपटी त्याच्या तोंडात जाते, आणि थिएटर हसतं. त्या माकडांना तारेवर चढायला कसं शिकवलं असेल?

आपल्याकडे १९९८ च्या अधिसूचनेनं वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं आणि माकडं यांच्या खेळांवर बंदी आली. सर्कसवाले कोर्टात गेले, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. २०११ मध्ये सर्कशीत मुलांना कामाला लावण्यावरही न्यायालयानं बंदी घातली. या दोन्ही गोष्टी व्हायलाच हव्या होत्या. सर्कशी ओस पडल्या त्याचं खापर या कायद्यांवर फोडणारे लोक भेटतात, म्हणून आवर्जून लिहितेय.

---

कनात

तिखटमीठ, तुमच्याशी सहमत आहे, आणि मी सर्कसवाल्याच्या घरातला आहे.

माझे आजोबा एका सर्कशीत तंबूवर होते. नाव लिहीत नाही. सिनेमात चॅप्लिनला जे काम मिळतं तेच, सामान आणायचं, न्यायचं. शिवाय तंबू उभारायचा. धागा वाचून काल रात्री मी सिनेमा पहिल्यांदा पाहिला, आणि हमाल पगार थकल्याचं सांगून निघून जातात तिथे थांबवला. कारण आमच्या घरात हीच गोष्ट सांगितली जायची. एका पावसाळ्यात खेळ बंद पडले, चार महिन्यांचा पगार राहिला, आणि आजोबा चालत घरी आले. पगार कधीच मिळाला नाही.

त्यांच्या हाताला दोन्ही तळव्यांवर, अंगठ्याच्या मुळाशी, घट्टे होते. मेखा ठोकायच्या घणाचे. मेख सरळ ठोकायची नसते, तंबूच्या उलट बाजूला कलती ठोकायची, म्हणजे दोर ओढ घेतो तेव्हा ती जमिनीत आणखी रुतते. पाऊस आला की दोर भिजून आखडतात, मेखा उपटू लागतात, म्हणून मध्यरात्री उठून सगळे दोर सैल करायचे आणि ऊन पडलं की परत ताणायचे. हे मला त्यांनी शिकवलं अंगणातल्या गायीच्या खुंट्यावर. मी आठ वर्षांचा असेन. गाठ अशी मारायची की एका झटक्यात सुटली पाहिजे, पण आपोआप कधी सुटता कामा नये. ती गाठ मला अजून येते. टेम्पोवर सामान बांधताना तीच मारतो.

आपण 'तारेवरची कसरत' सहज म्हणतो. आजोबा म्हणायचे, तारेवरचा माणूस वर एकटा दिसतो, पण खाली तार ताणून धरलेल्या मेखा मी ठोकलेल्या असतात. तो तारेवर पाय टाकायच्या आधी एकदा माझ्याकडे बघायचा, मी मान हलवली की निघायचा.

सिनेमात हेच आहे, पाहिलंत का? चॅप्लिन तारेवर जातो तेव्हा कमरेला दोर लावून तो एका हमालाच्या हाती देतो. तोवर काय तोरा! मधेच दोर सुटतो. आणि त्याला ते कळतच नाही, तो तसाच मजेत चालतोय. हमालाला कळलंय. सगळे चॅप्लिनकडे बघून हसतात, मी त्या खालच्या माणसाकडे बघत होतो.

---

कृष्णाकाठचा

कनात, हे वाचून पुढे काही सुचेना. खूप आभार. आजोबांचे मुक्काम, गावं, जे काही आठवत असेल ते वेगळा धागा काढून लिहा. आमच्याकडे मालकांची नावं सगळ्यांना पाठ आहेत. मेखा ठोकणाऱ्यांचं कुणी लिहिलेलं नाही.

---

कनात

लिहितो. आईला विचारून गावांची नावं लावून घेतो आधी.

---

दूरदेशी

पाहिला! गाढव आलं की मुलगा आजीला मराठीत ओरडून सांगत होता, "आलं, आलं, आलं!" एवढा एकच शब्द, पण दर वेळी. गाढवाला नक्की याचाच राग का आहे हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि त्यातच मजा आहे.

---

सांजपर्व

मी मुलीला तो पहिला प्रसंग सोडून, आरशांच्या महालापासून दाखवला. तिथे आरशांत दहा-बारा चॅप्लिन दिसतात आणि खरा कुठला ते त्यालाच कळत नाही, टोपी उचलायला जातो तर आरशावर हात आपटतो. बाहेर लाकडी बाहुला बनून उभा राहतो तो प्रसंग तर तिनं चार वेळा बघितला. आता घरात दोन दिवस तेच चाललंय, खटक-खटक मान फिरवणं.

---

अंगणवेल

काल रविवार. परत लावला. सगळे होतो, आई सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या.

पिंपळपार, धाकट्यानं शोधलं. (ज्यांना शेवट आधी कळू द्यायचा नसेल त्यांनी इथेच थांबा.)

सिनेमा सुरू होताच पडद्यावर एक मोठा तारा दिसतो, कागदाचा, गोल कड्यावर ताणलेला. मुलगी घोड्यावरून येते आणि तो फाडून आरपार उडी मारते. धाकटा ओरडला, "तोच आहे!" मला पटेना. मग शेवट लावून पाहिला. मुलीचं लग्न त्या तारेवरच्या देखण्या माणसाशी या वेड्यानंच लावून दिलंय, अंगठी त्यानंच दिली आहे. पहाटे गाड्यांची रांग निघते. याला बोलावतात, पण तो जात नाही. धूळ उडते, गाड्या दिसेनाशा होतात. तंबू जिथे होता तिथे जमिनीवर नुसतं रिंगणाचं गोल उरलंय आणि हा त्यात मधोमध एका खोक्यावर बसलाय. पायाशी फाटका कागद, आणि त्यावर तारा. तोच. तो उचलतो, बघतो, चुरगाळतो, उठतो, टाचेनं मागे उडवतो आणि चालायला लागतो.

मी आईंच्या कानाशी जाऊन सांगणार होते, पण धाकट्यानं मला थांबवलं. वहीचं पान फाडलं, त्यावर तारा काढला, आईंसमोर धरला, मधोमध बोट घालून फाडला, मग चुरगाळला आणि पडद्याकडे बोट केलं. आईंनी तो चुरगाळलेला कागद त्याच्या हातातून घेतला, मांडीवर ठेवून तळहातानं सरळ केला, आणि त्याला विचारलं,

"आणि जेवला का रे तो सकाळी?"